'ग्राउंडस्वेल' : अर्थ पाठ आहे, पण वाक्यात बसवायचा कसा?

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांत इंग्रजी संपादकीयं वाचणारी मुलं 'ग्राउंडस्वेल' हा शब्द वहीत उतरवून घेतात, समोर 'लोकभावनेची लाट' असा अर्थ लिहितात आणि तिथंच गाडी अडते. अर्थ पाठ झाला तरी वाक्य तयार होत नाही. झालंच तर ते मराठी वळणाचं होतं. मराठीत लाट येते, म्हणून इंग्रजीत 'ग्राउंडस्वेल केम' होतं. मराठीत लाट लोकांमध्ये असते, म्हणून 'ग्राउंडस्वेल इन पीपल' होतं. दोन्ही वाक्यं परीक्षकाला खटकतात. शब्द चांगला आहे आणि आपल्या भागातल्या पाणी, रेल्वे, दारूबंदी अशा विषयांवर लिहिताना तर तो हमखास उपयोगी पडतो. म्हणून तो नीट बसवायला शिकणं मोलाचं आहे.

आधी त्याचं मूळ पाहू, कारण वापरातल्या निम्म्या चुका मूळ ठाऊक नसल्यानं होतात. हा शब्द दर्यावर्दी लोकांचा. दूर खोल समुद्रात वादळ होतं. किनाऱ्यावरून ते दिसतही नाही. पण त्यानं पाण्याला दिलेला धक्का लांब, संथ, रुंद लाटांच्या रूपानं शेकडो मैल प्रवास करतो. भर समुद्रात त्या लाटेची उंची फारशी जाणवत नाही, उथळ पाण्यात आली की ती उभी राहते. जवळच्या वाऱ्यानं पाण्याच्या पृष्ठभागावर उठणाऱ्या आखूड लाटांना ग्राउंडस्वेल म्हणत नाहीत. मराठवाड्याला समुद्र नाही, पण गोदावरी आहे. नाशिककडच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, जायकवाडी भरतं, दरवाजे उघडतात आणि नांदेडला आभाळ कोरडं असताना नदी चढायला लागते. घाटाची एकेक पायरी पाण्याखाली जाते, आवाज मात्र फारसा होत नाही. लोकभावनेचा ग्राउंडस्वेल असाच चढतो.

यातून वापराची कसोटी मिळते. भावना लोकांमधून, खालून उठलेली हवी. कुणा नेत्यानं सभा घेऊन पेटवलेली नको. ती हळूहळू साचलेली हवी. आणि तिला दिशा हवी, म्हणजे ती कशासाठी किंवा कशाविरुद्ध आहे ते सांगता यायला हवं. नुसती गर्दी, नुसता गोंधळ किंवा नुसता उत्साह म्हणजे ग्राउंडस्वेल नाही. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द 'लाट' नसून 'जनमताचा रेटा' हा आहे. वहीत अर्थ लिहायचाच असेल तर तो लिहावा.

उच्चार आणि स्पेलिंग

शब्द एकच आहे, मध्ये जागा सोडू नये. जुन्या छापील मजकुरात दोन तुकडे किंवा मधे आडवी रेघ दिसते, पण आज एकत्र लिहिणंच रूढ आहे. शेवटी 'एल' दोन. एकच 'एल' लिहिणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

तोडायचा झाला तर 'ग्राउंड' आणि 'स्वेल' असा तोडावा. पुष्कळजण 'ग्राउंड्स' आणि 'वेल' असा तोडतात, त्यामुळे शब्द विहिरीवर जातो आणि अर्थही हरवतो. जोर पहिल्या भागावर, 'ग्राउंड'वर. 'स्वेल'मधला 'स्व' म्हणताना आधी 'इ' लावू नये, मधे 'अ'ही घालू नये. 'इस्वेल' नको आणि 'सवेल'ही नको. मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही, कारण 'स्वेटर' आपण रोज नीट म्हणतो. स्वेटरमधला 'स्वे' घ्या आणि पुढं 'ल' लावा. ओठ गोल करा, वरचे दात खालच्या ओठाला टेकू देऊ नका.

वाक्याचा सांगाडा

नव्यानं शिकताना एकच सांगाडा पक्का करावा. बाकीचे प्रकार आपोआप जमतात.

अ ग्राउंडस्वेल ऑफ + भावनेचं नाम + योग्य शब्दयोगी + विषय.

'अ' सोडू नये. मराठीत उपपद नसल्यानं ते हमखास गळतं. 'देअर इज ग्राउंडस्वेल ऑफ सपोर्ट' हे चूक, 'देअर इज अ ग्राउंडस्वेल ऑफ सपोर्ट' हे बरोबर. अनेकवचन जवळजवळ लागतच नाही. आठही जिल्ह्यांत भावना असली तरी ग्राउंडस्वेल एकच.

'ऑफ'नंतर भावना येते, माणसं येत नाहीत. 'अ ग्राउंडस्वेल ऑफ फार्मर्स' म्हटलं तर शेतकऱ्यांचीच लाट उठल्यासारखं वाटतं. शेतकरी आणायचे असतील तर ते 'अमंग' किंवा 'फ्रॉम' लावून नंतर येतात: 'अ ग्राउंडस्वेल ऑफ अँगर अमंग कॉटन फार्मर्स', 'अ ग्राउंडस्वेल ऑफ सपोर्ट फ्रॉम स्मॉल ट्रेडर्स'. प्रदेश सांगायचा असेल तर 'इन' किंवा 'अक्रॉस': 'अक्रॉस मराठवाडा'.

खरी अडचण पुढच्या शब्दयोगीत आहे. तो ग्राउंडस्वेल ठरवत नाही, भावनेचं नाम ठरवतं. म्हणून नाम आणि शब्दयोगी जोडीनंच पाठ करावेत.

सपोर्ट, डिमांड, सिम्पथी यांना 'फॉर' लागतो. 'अ ग्राउंडस्वेल ऑफ डिमांड फॉर इक्विटेबल वॉटर शेअरिंग' हे जायकवाडीच्या पाण्यावर निबंध लिहिताना थेट वापरता येईल.

ऑपोझिशनला 'टू' लागतो. इथं आपल्याकडे बहुतेकजण 'अगेन्स्ट' लिहितात, कारण मराठीत विरोध 'विरुद्ध' असतो असं वाटतं. खरं तर मराठीतही विरोध 'ला'च होतो: प्रकल्पाला विरोध. तोच 'ला' इंग्रजीत 'टू' होऊन येतो: 'ऑपोझिशन टू द प्रोजेक्ट'. प्रोटेस्टला मात्र 'अगेन्स्ट' चालतो.

अँगरचं थोडं बारीक आहे. निर्णयावर किंवा धोरणावर राग असेल तर 'अॅट', एखाद्या प्रश्नावरून राग असेल तर 'ओव्हर': 'अँगर अॅट द डिसिजन', 'अँगर ओव्हर डिलेड क्रॉप इन्शुरन्स पेमेंट्स'. पीकविम्याचे पैसे रखडल्याचा विषय असेल तर 'ओव्हर'च शोभतो.

ओपिनियन या नामात दिशाच नसते. 'देअर इज अ ग्राउंडस्वेल ऑफ पब्लिक ओपिनियन' एवढ्यावर वाक्य थांबवलं तर वाचक विचारतो, मत आहे पण कुठल्या बाजूचं? म्हणून त्याच्यापुढं 'इन फेव्हर ऑफ' किंवा 'अगेन्स्ट' लावल्याशिवाय पूर्णविराम देऊ नये.

हात बसला की मधला भाग गाळून 'अ ग्राउंडस्वेल फॉर चेंज', 'अ ग्राउंडस्वेल अगेन्स्ट द टोल' असंही लिहिता येतं. ते शुद्ध आहे, पण सुरुवातीला नको. भावनेचं नाव घ्यायची सवय आधी लागली पाहिजे.

क्रियापद आणि काळ

ग्राउंडस्वेल स्वतः काय करतो? बिल्ड होतो, ग्रो होतो, राइज होतो, इमर्ज होतो. ओसरताना सबसाइड होतो. घटना किंवा निर्णय त्याला क्रिएट करतात, ट्रिगर करतात, स्पार्क करतात. राजकारणी त्याचा अंदाज घेतात, म्हणजे सेन्स करतात, त्याला प्रतिसाद देतात किंवा त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. आधीच असलेल्या भावनेचा कुणी फायदा करून घेतला तर 'टॅप इंटू' वापरावं: 'द कँडिडेट टॅप्ड इंटू अ ग्राउंडस्वेल ऑफ अँगर ओव्हर वॉटर'. हे वाक्य निवडणुकीच्या लेखात फार नेमकं बसतं.

'ऑर्गनाइज अ ग्राउंडस्वेल' किंवा 'लाँच अ ग्राउंडस्वेल' लिहू नये. जे योजून करता येतं ते कॅम्पेन, रॅली, मोर्चा. ग्राउंडस्वेल उठतो, कुणी काढत नाही. शब्दाचं क्रियापदही करू नये. 'द पब्लिक ग्राउंडस्वेल्ड' असं इंग्रजीत कुणी म्हणत नाही. आगीची क्रियापदंही टाळावीत. 'द ग्राउंडस्वेल कॉट फायर' वाचताना पाण्याला आग लागते.

काळाची चूक आपल्याकडे फारच खोल रुजलेली आहे. 'जूनपासून रेटा वाढत आहे' याचं भाषांतर सर्रास 'अ ग्राउंडस्वेल इज बिल्डिंग सिन्स जून' असं होतं. मराठीत 'वाढत आहे' हा अपूर्ण वर्तमानकाळ असतो म्हणून हे घडतं. इंग्रजीत एखादी गोष्ट मागं सुरू होऊन आजवर चालू असेल तर 'हॅज बीन' लागतंच: 'अ ग्राउंडस्वेल ऑफ अँगर हॅज बीन बिल्डिंग सिन्स जून'. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स', अवधी सांगायचा असेल तर 'फॉर': 'सिन्स जून', पण 'फॉर थ्री इयर्स'. हळूहळू साचणं हा या शब्दाचा स्वभावच असल्यानं हा काळ त्याला सर्वांत शोभतो. एवढं एक वाक्य तोंडात बसलं तरी अर्धं काम झालं.

क्रियापद एकवचनी ठेवावं. 'अ ग्राउंडस्वेल ऑफ कम्प्लेंट्स हॅज फोर्स्ड द ऑफिस टू अॅक्ट'. जवळ 'कम्प्लेंट्स' दिसतं म्हणून 'हॅव' लिहायचा मोह होतो, पण कर्ता ग्राउंडस्वेल आहे.

विशेषणांत ग्रोइंग सर्वांत सुरक्षित. मॅसिव्ह, ह्यूज, स्ट्राँग चालतात. 'सडन' वर्तमानपत्रांतही कधीकधी दिसतं, पण ते शब्दाच्या मुळाशीच भांडतं. अचानक उसळलेल्या गोष्टीसाठी 'सर्ज' आहे. 'पब्लिक ग्राउंडस्वेल ऑफ पीपल्स सपोर्ट' यात लोक दोनदा आले, एकदा पुरे.

एक वाक्य घडवून पाहू

मराठी मजकूर घेऊ: गावात दारूबंदी व्हावी यासाठी महिलांचा पाठिंबा गेल्या वर्षभरापासून वाढत आहे.

पहिल्या झटक्यात बहुतेक वहीत असं उतरतं: 'लेडीज आर गिव्हिंग ग्राउंडस्वेल टू लिकर बॅन सिन्स वन इयर'. यात चार दोष आहेत. ग्राउंडस्वेल देता येत नाही, म्हणून 'गिव्हिंग' गेलं. 'अ' नाही. भावनेचं नाम नाही. आणि वर्षभर हा अवधी असल्यानं 'सिन्स' चालत नाही.

आता उलट बाजूनं बांधू. भावना कोणती? पाठिंबा, म्हणजे सपोर्ट. सपोर्टला 'फॉर'. विषय लिकर बॅन. माणसं महिला, त्या 'अमंग' लावून येतील. आणि लेखी इंग्रजीत 'लेडीज'पेक्षा 'विमेन' बरं. हळूहळू वाढतंय, म्हणून 'हॅज बीन ग्रोइंग'. अवधी 'फॉर द पास्ट इयर'. सगळं जोडलं की होतं: 'अ ग्राउंडस्वेल ऑफ सपोर्ट फॉर अ लिकर बॅन हॅज बीन ग्रोइंग अमंग द विमेन ऑफ द व्हिलेज फॉर द पास्ट इयर'.

वाक्य शुद्ध आहे, पण बातमी किंवा अहवाल असेल तर पुढच्या वाक्यात पुरावा द्यावा. किती सह्या झाल्या, ग्रामसभेत ठराव झाला का, आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीसाठी, मतदानाची मागणी गेली का, हे लिहावं. पुराव्याशिवाय ग्राउंडस्वेल हा नुसता दावा राहतो, आणि जाणता वाचक तिथंच थांबून विचारतो की हे कशावरून.

अशीच मेहनत रेल्वेच्या जुन्या मागणीवर करून पाहावी. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेतून काढून मध्य रेल्वेला जोडावा, ही मागणी आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. 'देअर हॅज लाँग बीन अ ग्राउंडस्वेल ऑफ सपोर्ट फॉर मूव्हिंग द नांदेड डिव्हिजन टू सेंट्रल रेल्वे'. 'फॉर'नंतर क्रियापद आलं की त्याला 'इंग' लागतो. 'फॉर टू मूव्ह' किंवा 'फॉर मूव्ह' नाही.

शेजारचे शब्द आणि आपला इतिहास

फरक पुस्तकी व्याख्येपेक्षा ओळखीच्या घटनांवरून लवकर कळतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि देशभरातून मदत धावून आली. तिला ग्राउंडस्वेल म्हणू नये. भावना साचत आली नव्हती, एका आघातानं भरभरून बाहेर पडली. तिथं शब्द आहे 'आउटपोअरिंग': 'अॅन आउटपोअरिंग ऑफ सिम्पथी'. दुःख, माया, श्रद्धांजली यांच्याबरोबर तोच जातो.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची हैदराबादवरची कारवाई सैन्याची होती. तीही ग्राउंडस्वेल नव्हे. पण त्याआधीची दहा वर्षं पाहा. १९३८ मध्ये औरंगाबादच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी बंदी झुगारून 'वंदे मातरम्' म्हटलं. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं, विद्यार्थी काढून टाकले गेले, पुष्कळांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरं केलं. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला आणि पुढं स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा गावोगाव पोचला. इथं शब्द नेमका बसतो: 'बाय १९४८, अ ग्राउंडस्वेल ऑफ ऑपोझिशन टू द निझाम्स रूल हॅड बीन बिल्डिंग फॉर अ डिकेड'. भूतकाळातल्या एका टप्प्यापर्यंतची गोष्ट असल्यानं 'हॅज'चं 'हॅड' झालं, हे लक्षात ठेवावं. नेता असला म्हणून शब्द बाद होत नाही. भावना नेत्याच्या आधीपासून लोकांत होती का, एवढंच पाहायचं.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा प्रश्न आणखी काळजीनं लिहावा लागतो. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. ठराव हा ग्राउंडस्वेल नव्हे. ठराव 'पास' होतो. मधली वर्षं ज्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले, मार खाल्ला, त्यांची भावना हा ग्राउंडस्वेल. पण त्याच वर्षांत विरोधही होता आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. अशा ठिकाणी 'देअर वॉज अ ग्राउंडस्वेल इन मराठवाडा' एवढंच लिहिणं अन्यायाचं आहे, कारण ते सगळा प्रदेश एकमुखानं बोलत होता असं सुचवतं. कुणाचा ते स्पष्ट लिहावं: 'अ ग्राउंडस्वेल ऑफ सपोर्ट अमंग दलित स्टुडंट्स अँड वर्कर्स'. हा शब्द एकमत सांगत नाही, हे परीक्षेतही विसरू नये.

उरलेले शब्द थोडक्यात. 'आउटक्राय' म्हणजे एखाद्या गोष्टीविरुद्ध उठलेली ओरड. ती ऐकू येते, पाठिंब्यासाठी वापरत नाहीत. 'बॅकलॅश' म्हणजे बदल झाल्यावर उलटून आलेली प्रतिक्रिया. 'अपरोर' म्हणजे सभागृहातला गदारोळ. निवडणुकीत 'वेव्ह' म्हणतात तिचा निकाल आकड्यांत दिसतो, ग्राउंडस्वेल त्याआधी, मतपेटीपर्यंत न पोचलेला असतो.

कुठं वापरावा, कुठं टाळावा

निबंध, अहवाल, मुलाखत, भाषण, संपादकाला पत्र, संस्थेच्या बैठकीचा वृत्तांत या त्याच्या जागा. मित्रांशी बोलताना तो जड वाटतो. तिथं 'अ लॉट ऑफ पीपल वाँट धिस' हेच सहज आणि चांगलं इंग्रजी. बारा जणांच्या कार्यालयात चहाची वेळ बदलायची असेल तर ग्राउंडस्वेल म्हणणं अतिशयोक्ती होते. 'एव्हरीवन हिअर वाँट्स इट' पुरे. वसाहतीत, शाळेच्या पालकसभेत, तालुक्याच्या प्रश्नात मात्र तो शोभतो: 'देअर इज अ ग्रोइंग ग्राउंडस्वेल अमंग पेरेंट्स फॉर अ सेकंड स्कूल बस'.

मुलाखतीत तो उत्तराच्या सुरुवातीला आणू नये. आधी साध्या वाक्यात परिस्थिती सांगावी, मग हा शब्द आणावा. नाहीतर पाठ केलेला शब्द बाहेर काढला असं समोरच्याला जाणवतं.

जिल्हाधिकाऱ्यांना किंवा एखाद्या अधिकाऱ्याला अर्ज लिहिताना 'अ ग्राउंडस्वेल ऑफ अँगर' धमकीसारखं वाचलं जातं. तिथं अँगरच्या जागी 'कन्सर्न' घालावा आणि शब्दयोगी 'ओव्हर' किंवा 'अबाउट' ठेवावा. अडीचशे-तीनशे शब्दांच्या निबंधात तो एकदाच यावा. दुसऱ्यांदा गरज पडली तर 'धिस पब्लिक प्रेशर' किंवा 'धिस मूड' म्हणावं.

आपण केलेली जोडी बरोबर आहे का, हे तपासायला शिक्षक लागतोच असं नाही. पूर्ण जोडी अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधावी. चिन्हं असली की तेवढेच शब्द त्याच क्रमानं शोधले जातात. 'ग्राउंडस्वेल ऑफ सपोर्ट' इंग्रजीत टाकल्यावर वर्तमानपत्रांची पानंच्या पानं येतात, 'ग्राउंडस्वेल इन पीपल'ला तसं काही मिळत नाही. निकाल कुठल्या पानांवरचे आहेत तेही पाहावं. नावाजलेली वर्तमानपत्रं आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थी-कोश यांत जोडी दिसली की निर्धास्त वापरावी. सरावाला रोज एक मराठी मथळा पुरतो: 'पाठिंबा वाढला', 'संताप धुमसतोय', 'मागणीनं जोर धरला' असा कुठलाही. आधी कसोटी लावायची, बसत असेल तर भावनेचं नाम, शब्दयोगी, माणसं, काळ या क्रमानं वाक्य बांधायचं, आणि बसत नसेल तर सर्ज, आउटक्राय, आउटपोअरिंग यांतला कुठला बसतो ते त्याच मथळ्याशेजारी लिहून ठेवायचं.